सोसायटीत गाळा घेताय? सही करण्याआधी मीटर रूम बघून या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण भाड्याच्या जागेचा करार समजून घेतला. भाडं, डिपॉझिट, लॉक-इन, नोटीस पिरियड सगळं बोललो. विजेचा मुद्दा मात्र मी दोन मिनिटांत उरकला, आणि तो दोन मिनिटांचा विषय नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, मध्ये थोडा हिशोबही करायचा आहे.

आपण जागा बघायला जातो तेव्हा काय बघतो? रस्ता बघतो, गर्दी बघतो, पार्किंग बघतो, शटर किती फुटांचं ते बघतो. लाइट आहे का विचारतो. मालक बटण दाबून ट्यूब लावून दाखवतो, "आहे ना लाइट!" आपलं समाधान होतं. पण ट्यूब लागणं वेगळं आणि धंदा चालेल एवढी वीज मिळणं वेगळं. हा फरक बहुतेकांना डिपॉझिट गेल्यानंतर कळतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, एक ताई घरून केक बनवून विकतात. ऑर्डरी वाढल्या, म्हणून त्यांनी तीस वर्षं जुन्या इमारतीत तळमजल्यावरचा गाळा घेतला. दीड लाख डिपॉझिट भरलं, रंगकाम केलं, इलेक्ट्रिक ओव्हन हप्त्यावर आणला. उद्घाटनाच्या चार दिवस आधी वायरमन आला आणि म्हणाला, "ताई, या मीटरवर हा ओव्हन चालणार नाही. थ्री फेज घ्यावं लागेल आणि मीटर रूमपासून नवीन केबल ओढावी लागेल."

मालक म्हणाले, "घ्या की, माझी हरकत नाही. खर्च तुमचा." वीज कंपनीनं अर्ज घेतला. पण केबल जाणार कुठून? जिन्याखालच्या मीटर रूममधून, कॉमन पॅसेजमधून. तिथे सेक्रेटरी आडवे आले. "बेकरीचा लोड आमच्या बिल्डिंगला झेपणार नाही. आधीच पॅनेल गरम होतं. मीटिंगमध्ये ठेवू." मीटिंग पुढच्या महिन्यात. इकडे भाडं सुरू, ओव्हनचा हप्ता सुरू, आणि शटर बंद.

यात चूक कुणाची? मालक खोटं बोलले नाहीत. सेक्रेटरींची भीतीही खोटी नाही. ताईंनी पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारले नाहीत, एवढंच. मला किती वीज लागणार? ती इथपर्यंत कशी येणार? आणि वाटेतली वायर कुणाच्या मालकीची?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण भांडणं तिथेच होतात.

वायर कुणाची? तीन तुकडे लक्षात ठेवा

रस्त्यावरून तुमच्या बोर्डापर्यंत येणारी वायर आपल्याला एकच वाटते. मालकीच्या हिशोबाने तिचे तीन तुकडे आहेत.

पहिला तुकडा वीज कंपनीचा. रस्त्यावरून किंवा ट्रान्सफॉर्मरपासून येणारी सर्व्हिस केबल, तिच्या टोकाचा कंपनीचा कटआउट, आणि कंपनीने बसवलेलं मीटर. मीटरच्या सीलला हात लावायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि सोसायटीलाही नाही.

दुसरा तुकडा मधला. मीटर रूममधलं पॅनेल, बसबार, आणि मीटरपासून तुमच्या मेन स्विचपर्यंत येणारी वायर. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे मॉडेल बाय-लॉजमध्ये, संस्थेनं स्वतःच्या खर्चानं करायच्या दुरुस्त्यांची यादी असते. बाहेरच्या पाण्याच्या लाइनी, जिने, गच्ची, लिफ्ट यांच्या जोडीला त्यात सदनिकेच्या मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या लाइनीही आहेत. म्हणजे आहे ती वायर खराब झाली तर दुरुस्ती सोसायटीनं करायची. "तुमच्या गाळ्याची वायर, तुमचं तुम्ही बघा" असं कमिटी म्हणाली तर हे उपविधी उघडून दाखवा. मात्र ही दुरुस्तीची गोष्ट झाली. तुमच्या वाढीव लोडसाठी जाड केबल हवी असेल तर तो खर्च सोसायटीवर टाकता येत नाही.

तिसरा तुकडा मेन स्विचच्या आतला. बोर्ड, आतलं वायरिंग, सॉकेट. ही जबाबदारी गाळ्याच्या मालकाची. मालक आणि तुम्ही यांच्यात ती कशी वाटायची, ते करारात लिहायचं.

आता एक महत्त्वाचा मुद्दा. तुम्ही भाडेकरू असाल तर सोसायटीचे सभासद नाही. तुमच्या अर्जाला उत्तर द्यायला कमिटी बांधील नाही. म्हणून सोसायटीकडे जाणारं प्रत्येक पत्र मालकाच्या सहीनं जायला हवं. भाडं ठरवतानाच मालकाला विचारा, "काका, सोसायटीला पत्र तुमच्या नावानं द्याल ना?" इथे जो मालक चाचरतो, तो पुढे अडचणीत उभा राहणार नाही हे समजून घ्या.

सोसायटी आहे की अपार्टमेंट?

आपण सगळ्याच इमारतींना सोसायटी म्हणतो. कायद्यानं दोन वेगळे प्रकार आहेत. एक, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था. दोन, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम १९७० खालचं कॉन्डोमिनियम. पुण्यात या दुसऱ्या प्रकारच्या इमारती भरपूर दिसतात.

फरक काय पडतो? सहकारी संस्थेत जिन्याचे दिवे, पंप यांच्या विजेसारखा खर्च सेवाशुल्कात येतो आणि तो सर्व सदनिकांवर सारखा वाटला जातो. कॉन्डोमिनियममध्ये प्रत्येक मालकाचा सामाईक भागात अविभाज्य हिस्सा असतो, टक्क्यांमध्ये. तो डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे घोषणापत्रात, लिहिलेला असतो आणि सामाईक खर्च त्याच टक्क्यांनी वाटला जातो. गाळ्याचा हिस्सा मोठा असेल तर मीटर रूमच्या दुरुस्तीत त्याचा वाटाही मोठा येतो.

शिवाय १९७० च्या कायद्यात इमारतीच्या सुरक्षिततेला धोका पोहोचेल असं काम करायला मनाई आहे. म्हणून भिंत फोडून, डक्टमधून केबल ओढायची असेल तर "चेअरमन ओळखीचे आहेत" यावर अवलंबून राहू नका. मालकाकडून घोषणापत्राची आणि त्याला जोडलेल्या उपनियमांची झेरॉक्स मागा. संस्था असेल तर मंजूर उपविधींची प्रत मागा. दुकान, वाढीव लोड, बाहेरचा एसी युनिट, बोर्डाचे दिवे याबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. आणि मंजूर नकाशात ती जागा खरंच दुकान म्हणून दाखवली आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

लोडचा हिशोब: पाच मिनिटांचं काम

आता पहिला प्रश्न, किती वीज लागणार? प्रत्येक मशीनच्या मागे एक पट्टी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. बेकरीची यादी करू.

- इलेक्ट्रिक डेक ओव्हन: ६००० वॅट
- दोन डीप फ्रीजर, प्रत्येकी ४०० वॅट: ८०० वॅट
- १ एचपीचा मिक्सर: साधारण ७५० वॅट
- दीड टनाचा एसी: १६०० वॅट
- दिवे, पंखे, बिलिंगचा कॉम्प्युटर: ३५० वॅट

एकूण ९५०० वॅट, म्हणजे साडेनऊ किलोवॅट. २३० ने भागा. सिंगल फेजवर हे सगळं एकदम चालू केलं तर सुमारे ४१ अँपिअर.

आता मालकाकडून जुनं वीजबिल घ्या. त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. समजा, तो २ किलोवॅट आहे आणि मीटरपासून गाळ्यापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे. पाइपातून ओढलेली अशी वायर साधारण २५ ते ३० अँपिअर झेपवते. जुनी असेल, एकाच पाइपात बऱ्याच वायरी कोंबलेल्या असतील, तर त्याहून कमी. तुम्हाला हवेत ४१. म्हणजे उत्तर सही करण्याआधीच तुमच्या हातात आलं.

यावर उपाय काय? थ्री फेज. तोच साडेनऊ किलोवॅट तीन फेजवर सारखा वाटला तर प्रत्येक फेजवर साधारण १४ अँपिअर येतात. त्यासाठी ओव्हन घेतानाच थ्री फेजचा घ्या. सिंगल फेजचा ६ किलोवॅटचा ओव्हन घेतला तर त्याचे २६ अँपिअर एकाच फेजवर बसतात. मशीन आधी घेऊ नका. आधी वीज ठरवा, मग मशीन.

जुनी वायरिंग तुमच्याच वेळी का जळते?

कमिटीचं एक वाक्य तुम्ही ऐकणारच. "इतकी वर्षं काही झालं नाही, तुमचं दुकान आलं आणि पॅनेल जळलं." आणि तुम्ही म्हणणार, "तुमचं पॅनेलच सडलेलं होतं." दोघंही अर्धे बरोबर असता. कसं ते बघा.

वायर मध्यावर क्वचित जळते. ती जोडाच्या जागी जळते. स्क्रू सैल झालेला असतो, किटकॅट फ्यूजची पकड ढिली झालेली असते, किंवा ॲल्युमिनियमची जुनी वायर तांब्याच्या वायरला नुसती पिळून जोडलेली असते. अशा जागी थोडा जास्तीचा रोध तयार होतो. समजा ०.१ ओहम. तिथे निर्माण होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. आधीच्या स्टेशनरीच्या दुकानात १० अँपिअर जायचे, तेव्हा त्या जोडावर १० वॅट उष्णता व्हायची. कुणाला कळलंही नाही. तुम्ही ४० अँपिअर ओढलेत तर तिथे १६० वॅट. लोड चौपट झाला, उष्णता सोळापट. साधी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते, आणि तिने धातू वितळतो. यावरून अंदाज करा.

म्हणजे दोष जुनाच होता, तुमच्या लोडनं तो उघडा पाडला. मग भरपाई कुणी द्यायची? इथे कागद बोलतो. काम सुरू करण्याआधीची स्थिती नोंदवलेली असेल तर तुमची बाजू पक्की. म्हणून तीन गोष्टी करा.

एक, लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून तपासणी करून घ्या. मेगरनं इन्सुलेशन तपासायला सांगा. कमीत कमी १ मेगाओहम यायला हवा, त्याखाली आला तर ती वायर बदलायची. अर्थिंगही मोजून घ्या. दोन, पॅनेलचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. काळे पडलेले जोड, वितळलेले प्लास्टिक, उघडी टोकं. तीन, रिपोर्ट आणि फोटो मालकाच्या पत्राला जोडून कमिटीला द्या आणि पोच घ्या.

आणि एक गोष्ट मनापासून समजून घ्या. जुन्या इमारतींमध्ये मीटर रूम बहुतेक वेळा जिन्याखाली असते. तिथे आग लागली तर धूर जिन्यानं वर चढतो, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसांना बाहेर पडायला तोच जिना असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तुमच्या बेकरीला घाबरत असतील तर त्या धंद्याच्या दुश्मन नाहीत. ती भीती कमी करणं हा तुमच्या धंद्याचा भाग आहे.

न्यूट्रल तुटला तर

थ्री फेजच्या इमारतीत आणखी एक भांडण हमखास होतं. एका संध्याकाळी चार घरांचे टीव्ही-फ्रिज एकदम जळतात आणि सगळे दुकानाकडे बोट दाखवतात.

बऱ्याचदा कारण असतं तुटलेला किंवा सैल न्यूट्रल. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे ४०० असतात. सामाईक न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची उपकरणं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि हे ४०० व्होल्ट त्यांच्यात विभागले जातात. समजा एका घरात फक्त टीव्ही आणि दोन दिवे, मिळून २०० वॅट चालू आहेत. दुसऱ्या फेजवर २००० वॅटचा गीझर चालू आहे, तिसऱ्या फेजवर काहीच नाही. हिशोब केला तर गीझरला ४० व्होल्टही मिळत नाहीत आणि टीव्हीवाल्या घरात ३६० व्होल्ट जातात. ज्याच्याकडे लोड कमी, त्याचंच नुकसान जास्त. एमसीबी पडत नाही, कारण ती जास्त करंटवर पडते, जास्त व्होल्टेजवर नाही.

अशा वेळी काय करायचं? आधी मेन स्विच बंद. मग वायरमनला दुरुस्ती करू देण्याआधी न्यूट्रल नेमका कुठे तुटलाय त्याचा फोटो घ्या. कंपनीच्या सर्व्हिस केबलकडे तुटला असेल तर तक्रार कंपनीकडे. सोसायटीच्या पॅनेलमध्ये तुटला असेल तर जबाबदारी सोसायटीची. एकदा दुरुस्ती झाली की पुरावा गेला, मग उरतो फक्त आवाज. आणि तुमच्या बोर्डात ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्शन आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी दोन्ही बसवा. पहिलं मशीन वाचवतं, दुसरं माणूस वाचवतं. एक दुसऱ्याचं काम करत नाही.

मीटर तुमचंच आहे ना?

हसू नका, हे होतं. जुन्या इमारतीत गाळे विकले गेले, जोडले गेले, मधे भिंती पडल्या, त्यात वायरी अदलाबदल झाल्या. बिल तुमच्या नावाचं आणि फ्रिज शेजाऱ्याचा.

तपासणी सोपी आहे. गाळ्याचा मेन स्विच बंद करा. एकाने मीटर रूममध्ये उभं राहायचं. तुमच्या मीटरचा लुकलुकणारा दिवा थांबायला हवा. थांबला नाही तर तुमच्या मीटरवर दुसरं काहीतरी चालू आहे. मग मेन चालू करून एखादी इस्त्री किंवा हीटर लावा. कुठल्या मीटरचा दिवा जोरात लुकलुकतो ते बघा. मीटरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा. ही तपासणी मालकासमोर करा, आणि चावी घ्यायच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा. मागची थकबाकी नाही ना, तेही बिलावर दिसतं.

घरगुती मीटरवर धंदा

काही जण गाळा न घेता फ्लॅटमध्येच क्लास, पार्लर, टेलरिंग सुरू करतात. घरातून छोटा व्यवसाय करणाऱ्यांना ठराविक युनिटच्या मर्यादेत घरगुती दरच लागू ठेवण्याची तरतूद वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात असते. ही मर्यादा आदेशागणिक बदलू शकते, म्हणून चालू आदेश कंपनीच्या वेबसाइटवर बघा.

त्या मर्यादेबाहेर जाऊन घरगुती मीटरवर धंदा केला तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागू होऊ शकतं. त्यात ज्या वर्गवारीचा दर लागायला हवा होता, त्याच्या दुप्पट दरानं आकारणी होते. गैरवापर कधीपासून सुरू झाला ते ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरतात. अंतिम आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं, पण त्यासाठी आधी निम्मी रक्कम भरावी लागते. बिल मालकाच्या नावाने येतं आणि मालक ते तुमच्या डिपॉझिटमधून वळतं करतो. दोन पैसे वाचवायला गेलात आणि भांडवलच गेलं, असं होऊ देऊ नका.

सोसायटीला "हो" म्हणायला सोपं करा

कायद्यानं जागेचा मालकच नाही, तर जागा वापरणाराही वीज कंपनीकडे वीज मागू शकतो. कंपनी लोडची तांत्रिक तपासणी करते. "ट्रान्सफॉर्मर उडेल" हे कमिटीनं ठरवायचं नसतं, ते कंपनी ठरवते. पण केबल सामाईक जागेतून जाते, म्हणून कमिटीला टाळून पुढे जाता येत नाही. जोरात बोलण्यापेक्षा कागद चांगला द्या. मालकाच्या सहीचं पत्र साधारण असं:

"मा. सेक्रेटरी, सप्रेम नमस्कार. माझ्या गाळा क्रमांक … साठी थ्री फेज जोडणी घेण्याकरिता मीटर रूमपासून गाळ्यापर्यंत नवीन केबल टाकावयाची आहे. एकूण लोड साडेनऊ किलोवॅट असून यादी सोबत जोडली आहे. काम लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरकडून, आग न पसरवणारी व कमी धूर करणारी केबल वापरून केले जाईल. केबलसाठी पाडलेली भोके अग्निरोधक साहित्याने बंद केली जातील. काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टची प्रत संस्थेस दिली जाईल. संपूर्ण खर्च माझा राहील. मीटर रूमच्या सध्याच्या स्थितीचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. कृपया … तारखेपर्यंत लेखी परवानगी द्यावी."

बघा, या पत्रात कमिटीच्या प्रत्येक भीतीला उत्तर आहे. शेवटी तारीख आहे. आणि तपासणी अहवाल जोडल्यामुळे पॅनेल खराब असल्याचं कमिटीला माहीत नव्हतं, असं पुढे कुणी म्हणू शकत नाही. पॅनेल बदलायची वेळ आलीच, तर तुमच्या वाढीव लोडपुरता वाटा तुम्ही उचलायची तयारी दाखवा, बाकी सोसायटीनं. ही बोलणी सर्वसाधारण सभेआधी चेअरमनच्या घरी चहावर झाली तर उत्तम, पण निर्णय मिनिट्समध्ये लिहून घ्या.

करारात ही चार वाक्यं टाका

१. मालक … किलोवॅटची थ्री फेज जोडणी आणि सोसायटीची लेखी परवानगी … तारखेपर्यंत मिळवून देतील.
२. ती मिळेपर्यंत भाडं सुरू होणार नाही. … दिवसांत मिळाली नाही तर पूर्ण डिपॉझिट परत.
३. मेन स्विचपर्यंतच्या वायरची दुरुस्ती मालक सोसायटीकडून करून घेतील. आतल्या वायरिंगची जबाबदारी वापरणाऱ्याची.
४. चावी देण्याच्या दिवसापर्यंतची विजेची थकबाकी आणि कोणतीही जुनी आकारणी मालकाची.

दुसरं वाक्य सर्वात महत्त्वाचं. आपल्या उदाहरणातल्या ताईंकडे ते असतं तर बंद शटरचं भाडं त्यांना भरावं लागलं नसतं, आणि मालक स्वतःहून सेक्रेटरींकडे धावले असते.

तरीही भांडण झालंच तर

दार ओळखून ठोका. मीटर, बिल, जोडणीला उशीर याबद्दल वीज कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. वायरिंग धोकादायक असेल तर राज्य शासनाचा विद्युत निरीक्षक. सहकारी संस्था दुरुस्ती टाळत असेल तर मालकानं उपनिबंधकांकडे जायचं, आणि सभासद-संस्था वाद सहकार न्यायालयात. कॉन्डोमिनियम असेल तर घोषणापत्र घेऊन आधी वकिलाला दाखवा. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो: लेखी अर्ज कधी दिला, आणि पोच कुठे आहे?

एक काम कधीच करू नका. परवानगी मिळत नाही म्हणून रात्री वायरमनला बोलावून केबल ओढू नका, आणि फ्यूजमध्ये जाड तार टाकून लोड "चालवून" घेऊ नका. उद्या आग लागली तर न्यायाची सगळी बाजू तुमच्या विरुद्ध जाते. विमा कंपनीसुद्धा हात वर करू शकते.

तुमचा होमवर्क

या रविवारी तुम्ही बघत असलेल्या जागेत जा आणि वहीत सात ओळी लिहा. माझा एकूण लोड. बिलावरचा मंजूर भार. सिंगल फेज की थ्री फेज. वायर किती चौरस मिलिमीटरची आणि तांब्याची की ॲल्युमिनियमची. मीटर रूमचा रस्ता मोकळा आहे की सायकली आणि भंगारानं भरलाय. मीटर तपासणीत माझाच दिवा थांबला का. सोसायटी की कॉन्डोमिनियम.

सात ओळी भरल्या की तुम्हाला कळेल, ही जागा घ्यायची, भाडं कमी करून घ्यायची, की सोडायची. जागा सोडावी लागली तरी नुकसान एका रविवारचं. सही केल्यावर कळलं तर नुकसान किती, ते वर बघितलंच.

पुढच्या व्हिडिओत याच गाळ्याचं पाणी आणि ड्रेनेज बघू. तोपर्यंत मशीनचे हप्ते नंतर, मीटर रूम आधी. भेटूया.